शेवाळाचा ऑक्टोबर

निफाडच्या रस्त्याला लागले की ऑक्टोबर आधी नाकाला कळतो. ओल्या चुन्याचा वास, आणि त्यामागून जिभेच्या टोकावर जाणवणारी धातूची चव. छाटणी झालेल्या द्राक्षबागा दोन्ही बाजूंना उघड्या पडलेल्या असतात. कालपर्यंत हिरव्या मांडवात दडलेल्या तारा, लोखंडी अँगल आणि काटकुळ्या काड्या एकाएकी नजरेत भरतात. पेठच्या डोंगराळ भागातून आलेल्या मजुरांच्या टोळ्या कात्र्या चालवत पुढे सरकतात आणि त्यांच्या मागून ट्रॅक्टरचा ब्लोअर निळसर धुके उडवत जातो. मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण. मोरचूद म्हणजे तांब्याचे निळे मीठ. बुरशीवर आमच्या भागात त्याच्याइतका जुना आणि भरवशाचा इलाज दुसरा नाही. खांबांवर निळे, बांधावरच्या गवतावर निळे, दोरीवर वाळणाऱ्या सदऱ्यांच्या बाह्यांवर निळे. प्रयोगशाळेत जाताना स्कूटीवरून मी हे रोज पाहते. दृश्य सुंदर आहे हे मान्य करायला मला काहीच अडचण नाही. पण ते पाहताना डोळ्यांपुढे बाग राहत नाही. एक काचेची टाकी येते, आणि तिच्यातले नको इतके नितळ पाणी.

या आठवड्यात माझ्या भाड्याच्या खोलीतल्या छोट्या टाकीची काच हिरवी होऊ लागली. खडकाच्या कडेला पहिले तंतू दिसले तेव्हा मी खाली बसून बराच वेळ पाहत राहिले. शेवाळ आले म्हणजे पाणी जिवंत झाले. दुसऱ्या कोणाला हे सांगितले तर तो माझी कीव करील. खाऱ्या पाण्याची टाकी बाळगणारा प्रत्येक जण शेवाळाच्या नावाने बोटे मोडतो. मीही मोडली आहेत. पण ज्या ऑक्टोबरात माझ्या टाकीतले शेवाळ खरोखर नाहीसे झाले, तो मी विसरू शकलेले नाही.

ती टाकी आमच्या नाशिकच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये होती. होती म्हणणे चूक; अजूनही आहे. नाना, म्हणजे माझे वडील, द्राक्षबागायतदार. बाग निफाड तालुक्यात आणि घर शहरात, मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेले. मी रसायनशास्त्रात एमएस्सी केले आणि द्राक्षांमधले औषधांचे अंश मोजणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. पहिल्या वर्षीच टाकी घेतली. तिला लागणारा स्टँड नानांनीच बागेतल्या जुन्या अँगलचे वेल्डिंग करून आणला, त्याला पांढरा रंग दिला आणि चारही पाय पाणपातळीच्या नळीने तपासून घेतले. हे मुद्दाम लिहिते आहे. माझ्या नानांना माझ्याविषयी आस्था नव्हती असा समज कोणाचा होऊ नये.

गोड्या पाण्यातल्या टाक्या नाशिकमध्ये घरोघरी दिसतात. खारे पाणी मात्र तयार करावे लागते. गाळलेल्या पाण्यात खास मीठ घालायचे, एक दिवस फिरवत ठेवायचे, क्षारता मोजायची, मगच ते टाकीत ओतायचे. बाल्कनीतल्या ड्रममध्ये मी पाणी ढवळत असले की नाना दारात उभे राहून म्हणत, "मीठ टाकून समुद्र करती ही! उद्या गूळ टाकून उसाचा मळा करशील."

"करीन. तुमच्या बांधाला लागून करीन."

"पाणी कोण देईल?"

"तुम्हीच द्याल. तुम्हाला राहवणार नाही."

ते हसत. त्या हसण्यात कौतुक होते, आणि कौतुकाचा कंटाळा यायला अजून अवकाश होता.

दगडी प्रवाळांना कायद्याचे संरक्षण आहे, ते घरात ठेवायचे नसतात. म्हणून मी मृदू प्रवाळ आणले, टाक्यांमध्येच वाढवलेले. एका खडकावर शर्टाच्या बटणांएवढ्या, फुलांसारख्या दिसणाऱ्या जिवांचा ताटवा, हिरव्या गाभ्याचा आणि नारिंगी कडेचा. दिवे लागले की ती फुले उमलत आणि दिवे मालवायच्या सुमारास मिटत. सोबत नारिंगी जोकर माशांची जोडी, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी आणि काच खरवडत फिरणारे काही समुद्री शंख. कोळंबीला आई 'बाई' म्हणे. "तुझी बाई आज कामाला आली नाही वाटतं," असे तिने म्हटले की समजायचे, कोळंबी कात टाकून खडकाआड बसली आहे.

उन्हाळ्याच्या शेवटी शेवाळ आले. हिरवे, केसांसारखे, पाण्याच्या प्रवाहाबरोबर डोलणारे. आधी खडकाच्या एका कोपऱ्यात, मग ताटव्याच्या कडेकडेने, मग फुलांच्या मधोमध. शेवाळ हा रोग नव्हे, तो हिशेब आहे: पाण्यात जेवढे अन्न गरजेपेक्षा जास्त पडते, तेवढ्याची वनस्पती होते. आमच्या घरात ते कुठून पडत होते हे शोधायला मला फार वेळ लागला नाही. मी कामावर गेले की आई माशांना भाताची शिते घालत असे.

"आई, त्यांना दिवसातून एकदाच द्यायचं असतं. तेही चिमूटभर."

"काचेला तोंड लावून बघत बसतात गं बिचारे. आपण जेवायचं त्यांच्यासमोर आणि त्यांना नाही?"

"ते तुझ्याकडे बघत नाहीत. स्वतःच्या प्रतिबिंबाकडे बघतात."

"उपास तुझा असू दे. त्यांचा नको."

आईला मी नायट्रेट समजावले, फॉस्फेट समजावले. तिने सगळे ऐकून घेतले आणि शिते निम्म्यावर आणली. तिच्या दृष्टीने ती मोठी तडजोड होती. मी रागावले नाही. माझे म्हणणे तिला पटले नव्हते, पण माझे म्हणणे आहे एवढे तिला माहीत होते. पुढे जे घडले त्यानंतर या फरकाची किंमत मला कळली.

याच सुमारास समुद्रकिनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत पीएचडीसाठी जागा निघाली. अर्जासोबत स्वतः केलेले एखादे निरीक्षण जोडायचे होते. मोठ्या शहरांतल्या, मोठ्या प्रयोगशाळांतल्या उमेदवारांपुढे माझ्याकडे काय होते? शेवाळाने भरलेली एक टाकी. आणि तेच पुरेसे आहे हे एका सकाळी दात घासताना मला सुचले. शेवाळ एकदम मारायचे नाही. त्याला हळूहळू उपाशी ठेवायचे, आणि ते मागे हटत असताना प्रवाळ आपली जागा कशी परत मिळवतात, कोणत्या बाजूने, कोणत्या क्रमाने, ते नोंदवायचे. दर रविवारी त्याच जागेवरून, त्याच उजेडात, त्याच खडकाचे छायाचित्र. प्रश्न लहान होता, पण माझा होता. मी दिव्यांचे तास कमी केले. मऊ ब्रशने तंतू सोडवायचे आणि बारीक नळीने ओढून घ्यायचे. पाणी थोडे थोडे बदलायचे. शंखांना त्यांचे काम करू द्यायचे. गणपती गेले, नवरात्र बसले, आणि ताटव्याच्या डाव्या कडेला बटणाएवढी दोन नवी फुले दिसली. शेवाळ एक बोटभर मागे सरले होते. त्या दिवशी मी प्रयोगशाळेत मिठाई नेली आणि निमित्त कोणालाच सांगितले नाही.

घरात मात्र टाकीची अब्रू गेली होती. येणारा-जाणारा विचारी. "हे काय वाढवलंय, पालक?" शेजारच्या काकूंनी तर दारातूनच नाकाला पदर लावला, जरी खाऱ्या टाकीला वास येत नाही. नाना अस्वस्थ होत. त्यांच्या बागेत गवताची काडी दिसत नाही. पाने धुतल्यासारखी असतात. अशा माणसाच्या हॉलमध्ये, सोफ्यासमोर, हे असे.

"औषध नाय का याच्यावर?"

"आहे. वाट बघणं."

"लय झालं बघून. दिवाळीला पाव्हणे येतील."

"नाना, हे माझं काम आहे. माझ्या अर्जाचं. शेवाळ हळूहळूच जायला हवं."

"हां, हां," ते म्हणाले, आणि मोबाइल उघडून बागेचे फवारणीचे वेळापत्रक पाहू लागले.

ते वेळापत्रक पाठवणाऱ्याविषयी सांगायला हवे. आमच्याकडे बहुतेक बागायतदार सल्लागार लावतात. कृषी पदवी घेतलेला एखादा तरुण ठरावीक बागांना भेटी देतो आणि कोणत्या दिवशी काय, किती फवारायचे ते व्हॉट्सअॅपवर कळवतो. त्याचा संदेश आला की प्रश्न विचारायचा नाही, फवाऱ्याच्या टाकीत औषध ओतायचे आणि ट्रॅक्टर काढायचा. नानांचा सल्लागार माझ्याहून वर्षभराने लहान असेल. नाना त्याला 'सर' म्हणतात, त्याच्यासाठी खुर्ची पुसतात, त्याने पान उलटून पाहिले की श्वास रोखून उभे राहतात. तो हुशार मुलगा आहे. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही.

दसरा झाला, छाटणी सुरू झाली, नाना दिवसदिवस बागेत राहू लागले. एका संध्याकाळी मी कामावरून आले तर ताटवा मिटलेला. दिवे चालू, आणि एकही फूल उघडे नाही. "फुलं रुसली का गं?" आईने विचारले. मी तापमान पाहिले. ऑक्टोबरची उष्णता होतीच, पंखा लावला. क्षारता पाहिली, अमोनिया पाहिला. सगळे ठीक. दुसऱ्या दिवशी शंख काचेवरून सुटून तळाशी उताणे पडले होते. मी एकेक उचलून सरळ केला. ते पुन्हा कलंडले. कोळंबी खडकासमोर आडवी झाली होती, तिच्या लांब मिशा प्रवाहात उगाच हलत होत्या. मी पाणी बदलले, पुन्हा बदलले. नाना हात धूत होते. मी म्हणाले, "नाना, शंख मरताहेत." ते म्हणाले, "गोगलगायीच ना त्या? आम्ही बागेत त्यांना मारायला गोळ्या टाकतो."

मग शेवाळ फिकट झाले. हिरव्याचे पिवळट, पिवळटाचे राखाडी. हात लावला की धुरासारखे सुटून येई. कोणत्याही पद्धतीने ते इतक्या वेगाने जात नाही हे मला माहीत होते. पाणी तपासायचे जे जे ठाऊक होते ते सगळे मी तपासले. तांबे तपासायचे सुचले नाही. दिवसभर मी दुसऱ्यांच्या द्राक्षांत अशा गोष्टींचे कण शोधते, पण आपल्या हॉलमधल्या टाकीत कोणी ती चमच्याने घालील, ही शक्यता माझ्या विचारातच येऊ शकत नव्हती. दिवाळीपर्यंत खडक पांढरा झाला. फुलांच्या जागी चिकट, गळून पडणारे तपकिरी काही उरले होते, आणि त्या सगळ्यावर पाणी असे स्वच्छ की टाकीत पाणी आहे हे माशांमुळेच कळावे.

भाऊबीजेला मामा आले. मी फराळाचे ताट घेऊन हॉलमध्ये आले तेव्हा ते टाकीसमोर उभे होते.

"दाजी, टाकी काय चकाचक केली! मागच्या खेपेला डबकं होतं नुसतं."

"डबकंच ते," नाना म्हणाले. "पोरगी चार महिने ब्रश घेऊन बसली होती, टाकीचे दात घासत. आपण एका फोनात काम केलं."

"काय केलं?"

"मोरचूद. शेततळ्याला टाकतो तेच. सरांना विचारलं, ते म्हणले टाका." मग माझ्याकडे वळून, डोळे बारीक करून, अगदी प्रेमाने ते म्हणाले, "म्हटलं बोलायचं नाय, बघू हिला कधी समजतंय. नाय समजलं! एमएस्सी!"

सगळे हसले. मामी हसल्या, आई हसली, कारण हसण्यासारखेच बोलले होते. नाना हे गुपित दिवाळीच्या भेटीसारखे जपून होते. मी कधी आश्चर्याने ओरडते याची वाट पाहत होते. मी ताट खाली ठेवले.

"नाना, तांबं घातलंत तुम्ही."

"हां, तांबंच. तांब्याच्या हंड्यातलं पाणी पितो की आपण."

"शंखांना, कोळंबीला, प्रवाळांना ते विष आहे. अगदी थोडंसुद्धा. सगळं मेलं त्याने."

"मासे हायेत की."

"मासे सोडून सगळं."

"मग सांगायचं ना, तांबं चालत नाय म्हणून."

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

हॉलमध्ये कोणीतरी चकली मोडल्याचा आवाज झाला. नानांचा चेहरा पाव्हण्यांसमोर हळूहळू कठीण होत गेला. "आता माझ्या घरात तुला विचारून पाणी भरायचं का?" ते म्हणाले. "शेवाळ गेलं का नाय? तेवढं सांग."

शेवाळ गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी सल्लागाराला फोन केला. भांडायचे होते. त्याने सगळे ऐकले आणि घाबरून म्हणाला, "ताई, नाना म्हणाले पाण्यावर शेवाळ आलंय, काय टाकू. मला वाटलं शेततळं. बागेवर दुसरं कुठलं पाणी असणार?" मग कसलीही खोच न ठेवता त्याने विचारले, "पण ताई, तुम्ही तर घरातच होता. मला कशाला विचारलं त्यांनी?"

हा प्रश्न मी पुष्कळ उलटसुलट पाहिला आहे. नाना अडाणी नाहीत. माझ्या पदवीचा त्यांना अभिमान आहे; दीक्षान्त समारंभाचा फोटो त्यांनी बागेतल्या शेडमध्येही लावला आहे. त्यांच्या ओळखीचे बागायतदार माझ्या टेबलासमोर उभे राहून "मॅडम, माल पास होईल ना?" असे विचारतात, तेव्हा नाना गावात ते सांगतात. म्हणजे माझे ज्ञान त्यांना दिसते. ते फक्त घराबाहेर आहे. घरात मी मुलगी आहे; मुलीचे लाड करायचे असतात, तिला स्टँड करून द्यायचा असतो, तिची पंचाईत परस्पर सोडवून तिला चकित करायचे असते. एखाद्या गोष्टीविषयी तिला माहिती असेल आणि आपल्याला नसेल, हा विचार या मायेच्या मांडणीत कुठेच बसत नाही. नानांनी माझा अपमान केला असता तर मला भांडता आले असते. त्यांनी माझ्यावर उपकार केला.

हिवाळ्यात त्या संस्थेत मुलाखत झाली. मी छायाचित्रे मांडली. शेवाळ वाढताना, शेवाळ थांबताना, शेवाळ बोटभर मागे सरताना, डाव्या कडेची दोन नवी फुले. मग शेवटचे छायाचित्र: पांढरा खडक. समोरच्या बाईंनी चष्मा वर करून विचारले, "इथे काय झाले?" मी म्हणाले, "टाकीत तांबे गेले." "कसे?" या प्रश्नाला मी अर्धे उत्तर दिले. घरातली गोष्ट त्या टेबलावर ठेवावी असे वाटले नाही. "म्हणजे निरीक्षण पूर्ण झाले नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वरात दोष नव्हता, त्या फक्त वस्तुस्थिती नोंदवत होत्या. माझी निवड झाली नाही. कारण कळवत नाहीत. ते या टाकीमुळेच घडले असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही, आणि तसे नव्हतेच असे मानण्याइतका मनाचा मोठेपणाही नाही.

तांबे खडकात मुरते. पाणी कितीही बदला, ते थोडे थोडे परत सुटत राहते. त्या टाकीत आता प्रवाळ कधीच जगणार नाहीत. मासे जगतात. हॉलमध्ये ती तशीच आहे, निफाडच्या अँगलवर, पांढऱ्या खडकाभोवती फिरणारी नारिंगी जोडी घेऊन. आई शिते घालते. आता तिला अडवत नाही कोणी. पाव्हणे म्हणतात, "किती स्वच्छ ठेवलीय." नाना माझ्याकडे पाहत नाहीत, पण पाठ ताठ करतात.

मी त्याच शहरात खोली भाड्याने घेतली तेव्हा घरात बरेच दिवस अबोला होता. लग्न न झालेली मुलगी, त्याच शहरात आई-वडिलांचे घर असताना वेगळी राहते, याचे स्पष्टीकरण द्यायला आमच्याकडे सोयीचे वाक्य नाही. "कामाला जवळ पडतं," असे आई सगळ्यांना सांगते. काही मिनिटांचाच फरक आहे. संस्थेचा अर्ज पुन्हा भरला आहे. टाकी या वेळी निम्म्या आकाराची, प्रश्न तोच. शेवाळ वाढू द्यायचे, मग उपाशी ठेवायचे, आणि पाहायचे.

गेल्या रविवारी नाना आणि आई पहिल्यांदा खोलीवर आले. नानांच्या नखांच्या कडांना निळे होते. छाटणी चालू आहे. त्यांनी नळ उघडून पाणी पाहिले, खिडकीची कडी पाहिली, मग टाकीसमोर वाकले. हिरव्या काचेजवळ त्यांचा चेहरा बराच वेळ होता. मला वाटले, आता विचारतील. काहीही विचारले असते तरी चालले असते.

"इथं पण तेच का," ते म्हणाले. मग खिशातून मोबाइल काढला. "सरांना विचारू का? या वेळी नीट सांगतो, खाऱ्या पाण्याची टाकी हाय म्हणून."

"नको," मी म्हणाले.

"बरं." त्यांनी मोबाइल ठेवला. चूक सुधारल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते. चहा झाला. आईने डबे ओट्यावर लावले, माझ्या उशीचा अभ्रा बदलला. निघताना नाना जिना उतरून गेले, आई दारात थांबली.

"एक चावी आमच्याकडे असू दे गं," ती म्हणाली. "तू दिवसभर बाहेर. अडीअडचणीला बरी. नाना येऊन बघून जातील."

"चावी एकच आहे, आई."

तिने मान हलवली आणि कठड्याला धरून ती खाली उतरू लागली. दुसरी चावी प्रयोगशाळेतल्या माझ्या खणात आहे.